आण्णा पोशन क्राफ्टमध्ये विष विकायला तयार नाहीत. पुढं कसं खेळायचं?

गावभागकर (सांगली)

नमस्कार. प्रश्न गेमचाच आहे, पण आधी घरची थोडी हकीकत सांगतो. नाहीतर पहिलंच उत्तर "विकून टाका की" असं येईल.

माझे वडील, आण्णा, ७१ वर्षांचे. मारुती चौकाजवळ आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, पिंपळी, मुरुडशेंग, डिकेमाली, बाळंतिणीचा काढा, बाळगुटीचा सगळा संच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा दुकान बुडालं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर सागवानी खणांचं कपाट फुगून बसलेलं, एक खण ओढून निघेना. आण्णांनी पटाशी लावून एकेक खण उचकटला. चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली होती आणि प्रत्येक खणात सारखाच काळा गाळ. तरी ते चिमूटभर गाळ नाकाशी धरायचे आणि सांगायचे, "हे वेखंड. ही कुटकी. हा नागरमोथा, लिही." नुकसानीची यादी द्यायची होती म्हणून मी वहीत लिहीत होतो. त्यानंतर दुकान उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात निघाला. उजवा हात थरथरतो. चहा अर्धा कप भरून देतो आम्ही. सही करायला लागेल म्हणून बँकेत जायचं टाळतात. दिवसभर खिडकीत बसून असायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर पोशन क्राफ्ट खेळत बसलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाइसप्ले गेम्सचा हा खेळ, २०२१ च्या सप्टेंबरात अर्धवट स्वरूपात आला आणि १३ डिसेंबर २०२२ ला पूर्ण. जुन्या हस्तलिखितातल्या चित्रांसारखी सगळी चित्रं. आपण औषधवाले. मागच्या बागेत रोज सकाळी झाडपाला, अळंबी उगवते ती तोडायची, खलात कुटायची, कढईत टाकायची आणि ढवळायची. प्रत्येक वनस्पतीची स्वतःची एक वाट असते, ढवळलं की नकाशावरची बाटली त्या वाटेनं सरकते. जितकं बारीक कुटाल तितकी वाट लांब. बाटली हव्या त्या गुणापाशी पोचली की भाता मारून आच द्यायची, औषध तयार. पाणी घातलं की बाटली परत मधल्या जागेकडं येते. वाटेत हाडं-कवट्यांचे पट्टे आहेत, त्यात जास्त वेळ राहिलं की औषध वाया.

आण्णा मागं येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. म्हणाले, "बत्ता आपटतोयस काय? असा आपटला तर बाहेर उडतं सगळं." मी खुर्ची दिली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात ते साडेआठ आमचं दुकान उघडतं.

त्यांनी सगळ्याला मराठी नावं दिलीत. नकाशावर वर नेणारं ते वारफूल, डावीकडं नेणारं पाणफूल, उजवीकडं नेणारी आगघंटी. ढवळणं ते वेढ्यात मोजतात, बाळगुटी उगाळताना सहाणेवर मोजतात तसं. "आगघंटी पूर्ण कुटून, चार वेढे, मग पाण्याची एक पळी." मी वहीत लिहून घेतो. तीच जुनी वही आहे, पुराच्या यादीची, मागची पानं कोरी होती.

आता अडचण. गिऱ्हाईक खिडकीशी येतं, काय पाहिजे ते इंग्रजीत सांगतं, मी मराठीत वाचून दाखवतो. एकाला उंदरांसाठी विष हवं होतं, आण्णांनी दिलं. दुसऱ्याच्या बोलण्यातनंच कळत होतं की कुणाचा तरी काटा काढायचाय. आण्णा म्हणाले, "घालव त्याला." नंतर झोपेचं औषध मागणारा एक आला, तो चोर निघाला. त्यालाही घालवलं. दुसरी गोष्ट म्हणजे घासाघीस करत नाहीत. दुकानात आमच्या "भाव एकच" अशी पाटीच होती. आणि ती घासाघीसीची खूण इतकी भरभर फिरते की त्यांच्या हाताला ती पकडता येणं शक्य नाही. परिणाम असा की गल्ला रिकामा. परवा झाडपालेवाली बाई माल घेऊन आली आणि घ्यायला पैसे नव्हते. आण्णांचं तोंड उतरलं. उधारीवर देत नाही का म्हणून मला दोनदा विचारलं.

तर विचारायचं ते हे. वाईट माणसांना माल न देता हा खेळ पुढं जातो का? हाताच्या थरथरीसाठी काही सोय आहे का? आणि हा संपल्यावर याच जातीचं दुसरं काय घ्यावं? मारामारी नको, घड्याळ लावून पळवणारं नको.

---

पोवईनाका_०७ (सातारा)

दादा, आण्णांना पहिल्यांदा हे सांगा की ते बरोबर खेळतायत.

या खेळात कर्म म्हणून एक हिशोब चालतो. वाईट कामासाठी माल दिला की तो खाली जातो, चांगल्याला दिला की वर. आणि त्यावर पुढं कोण गिऱ्हाईक येणार ते ठरतं. चोरांना दिलं की चोरच जास्त येतात. मी पहिल्या वेळी सगळ्यांना सगळं विकलं होतं, पैसे भरपूर झाले पण दुकानात दिवसभर नुसते गुंड. मला ते नको वाटायला लागलं आणि मी पहिल्यापासून सुरू केलं. आण्णांचा गल्ला आत्ता रिकामा आहे तो सुरुवातीचा काळ म्हणून. धीर धरा.

पैशासाठी तीन गोष्टी करा. एक, औषध पहिल्या दर्जाचं झालं की लगेच भाता मारू नका. नकाशावरच्या बाटलीच्या आकृतीवर आपली बाटली जेवढी नेमकी बसेल तेवढा दर्जा वाढतो, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जापर्यंत. त्याला भाव चांगला येतो. जवळ पोचलात की थेंब थेंब पाणी आणि अर्धा अर्धा वेढा, असं करत बसवायचं. आण्णांसारख्या माणसाला यात गोडी वाटेल. दोन, फक्त गिऱ्हाइकांना विकता असं दिसतंय. जे व्यापारी माल घेऊन येतात ना, झाडपालेवाली, अळंबीवाला, तेसुद्धा औषधं विकत घेतात. म्हणजे औषध द्या, त्याच पैशात पाला घ्या. उधारीची गरजच नाही. तीन, एकदा जमलेली कृती पुस्तकात जतन करून ठेवा. पुढच्या वेळी सामान असलं की ती आपोआप बनते, परत कुटाकुटी नाही.

हाताबद्दल मी काल रात्री तुमचं वाचून मुद्दाम खेळून बघितलं. माउस हलवत हलवत खेळलो. लक्षात असं आलं की ढवळताना हात कसाही हलला तरी बाटली वाट सोडत नाही. वाट आधीच ठरलेली असते, ढवळणं फक्त तिला पुढं ढकलतं. कुटतानाही तेच. पाणी ओतताना बाटली सरळ मध्याकडं येते, हात हलला म्हणून बाजूला जात नाही. थोडक्यात सगळा खेळ थरथरत्या हाताला चालतो, एक घासाघीस सोडून. आणि ती सक्तीची नाही! दाखवलेल्या भावाला सरळ विकता येतं. अनुभवाचे गुण मिळतील ते घासाघीसीत घालू नका, इतर कौशल्यात घाला.

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माउसची गती एकदम कमी करून ठेवा, त्यानं शेवटचं नेमकं बसवणं सोपं जाईल. वेळेची काळजी करू नका, आपण झोपायला जाईपर्यंत दिवस संपत नाही. गिऱ्हाईक खिडकीशी उभं राहतं कितीही वेळ.

भोवरे सापडलेत का नकाशावर? बाटली भोवऱ्यात नेऊन भाता मारला की ती गोल फिरत मध्यभागी ओढली जाते. लांबच्या गुणांपाशी पोचायला कमी पाला लागतो. हे त्यांना स्वतःला सापडू दे असं वाटत होतं, पण पैसे वाचतील म्हणून सांगितलं.

---

द्राक्षबाग (तासगाव)

मला जरा वेगळं वाटतं, राग मानू नका.

माझी अडीच एकर बाग आहे. आमच्या बोलीत फवारणीच्या विषालासुद्धा औषधच म्हणतात. "औषध मारलं का", "औषधाचा वास येतोय". घरात ते कपाटात कुलपात असतं, पोरं लहान आहेत म्हणून. मी दुकानात जातो, डबा मागतो, मिळतो. कशाला पाहिजे हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि माझी पोरगी हाच खेळ खेळते, तिनं मुद्दाम वाईट गिऱ्हाइकाला विष विकून बघितलं. काय होतंय ते बघायचं होतं तिला. मग दोन दिवस त्यावर आमचं बोलणं झालं, खऱ्या कुलपाबद्दलसुद्धा. तिला मी शंभरदा सांगून जे कळलं नसतं ते तिथं कळलं. खेळात चुकून बघता येतं, तेवढ्यासाठी तरी खेळ असावा.

म्हणून म्हणतो, आण्णांचा खेळ तसाच चालू द्या, पण वेगळा जतन करून तुम्ही स्वतः एकदा दुसऱ्या वाटेनं खेळून बघा.

घासाघीसीचं म्हणाल तर आमच्याकडं जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. तिथंही माझ्या वडिलांना कधी जमलं नाही, ते एकच आकडा दाबायचे आणि हात काढून घ्यायचे. बैल मात्र चांगलेच मिळाले त्यांना.

---

वैद्य_मिरजकर (मिरज)

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन २२ वर्षं मिरजेत प्रॅक्टिस करते. गेम मी खेळत नाही, धाकट्या भावानं हा धागा पाठवला. तुमच्या वडिलांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ते जे करतायत ती त्यांच्या धंद्याची जुनी रीत आहे. आमच्या शास्त्रात वचनाग, कुचला, बिब्बा, धोत्र्याचं बी ही विषारी द्रव्यंही औषधंच आहेत, पण शोधन, म्हणजे विष उतरवून शुद्ध, केल्याशिवाय हात लावायचा नाही. वचनाग गोमूत्रात किंवा गाईच्या दुधात शोधतात. कायद्यातही त्याची दखल आहे. औषधांच्या १९४५ च्या नियमांमधल्या अनुसूची ई(१) मध्ये अशा द्रव्यांची यादीच दिलेली आहे, आणि ती ज्या औषधात असतील त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. त्यामुळं द्यायचं की नाही हे नुसत्या द्रव्यावर ठरत नाही. कोण मागतंय आणि कशासाठी, हे बघावंच लागतं. उंदरांवाल्याला दिलं आणि दुसऱ्याला घालवलं, यात काहीच विसंगती नाही.

खेळात बारीक कुटलं की गुण लांब जातो असं तुम्ही लिहिलंय. आण्णांनी यावर हरकत घेतली असेल असं मला वाटतं. काढ्याला आम्ही भरडच घेतो, पीठ केलं तर काढा गढूळ होतो आणि गाळता येत नाही. मऊ पाल्याला चौपट पाणी, मध्यमाला आठपट, कठीण मुळ्या-सालींना सोळापट, आणि आटवून चौथा हिस्सा ठेवायचा. चूर्णाला मात्र वस्त्रगाळ.

हाताच्या बाबतीत एवढंच सांगते: त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा की ते असं काही रोज करतायत. गोळीची वेळ आणि खेळायची वेळ यांचा मेळ घालता येतो, ज्या वेळी हात बरा चालतो ती वेळ निवडा. कुठल्याही काढ्यानं कंपवात जातो असं कुणी सांगितलं तर गोळ्या बंद करू नका. हे मी वैद्य म्हणून सांगतेय.

पुढच्या खेळाचं भावाला विचारलं. तो म्हणतो स्ट्रेंज हॉर्टिकल्चर, जानेवारी २०२२ चा. आपण वनस्पतींच्या दुकानाचे मालक. फडताळावर बिननावाच्या कुंड्या, जवळ एक जाडजूड ग्रंथ. पानाचा आकार, फुलाचा रंग, वास यांचं वर्णन वाचून कुठली कुंडी कुठली ते ओळखायचं, चिठ्ठी लिहून लावायची आणि गिऱ्हाइकाला योग्य ती द्यायची. गल्ल्यावर एक काळं मांजर बसलेलं असतं, त्याला कुरवाळता येतं. वाचायला पुष्कळ आहे, तेव्हा तुम्हाला शेजारी बसावं लागेल. पण गाळातनं कुटकी ओळखणाऱ्या माणसाला दुसरं काय द्यायचं?

---

प्रीतिसंगम (कराड)

पोशन परमिट बघा. इंडोनेशियातल्या मॅसहाइव्ह मीडियानं केलाय, २०२२ च्या सप्टेंबरात आला. मूनबरी नावाच्या गावात औषधं बनवणारा म्हणून आपल्याला पाठवतात आणि गावकऱ्यांचा आपल्यावर विश्वास नसतो, कारण आधीच्या माणसांनी तिथल्या निसर्गाची वाट लावलेली असते. एकेकाला बरं करत विश्वास मिळवायचा. औषध बनवणं म्हणजे तुकडे जुळवून आकृती भरायची. सोबत कुत्रा असतो.

अडचण एकच, जंगलात गेल्यावर प्राण्यांशी थोडी मारामारी आहे, आणि रोग्याला तपासतानाच्या काही छोट्या खेळांत हात चपळ लागतो. माझ्या सासूबाईंना मी ते भाग खेळून देते, गावातलं सगळं त्या करतात. संध्याकाळी आमटीला फोडणी देता देता मला हाक मारतात, "अगं ये, रानात जायचंय." तुमच्याकडं अशी वाटणी चालत असेल तर घ्या.

---

गावभागकर (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पोवईनाका, माउसची गती कमी केली आणि आण्णांनी पहिल्यांदा तिसऱ्या दर्जाचं औषध बनवलं. पाऊण तास लागला. मध्ये मी "मी करू का" म्हटलं तर हात वर केला, गप्प बस म्हणून. शेवटी बाटलीवर बाटली बसली तेव्हा दोन मिनिटं भाता मारलाच नाही, नुसते बघत बसले. मग म्हणाले, "आता आच दे." ती बाटली अळंबीवाल्याला विकली. घासाघीस न करता जो भाव दाखवला होता तो घेतला, आणि त्याच पैशात त्याच्याचकडनं दोन जातीची अळंबी घेतली. भोवऱ्याचं मी त्यांना सांगितलं नाही. चौथ्या दिवशी त्यांना सापडला.

मिरजकर वैद्यताई, भरडीचं तुमचं वाक्य वाचून दाखवलं तर आण्णा खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, "हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतोय याला." तुमच्या गुरुजींचं गाव कुठलं ते विचारायला सांगितलंय. डॉक्टरांशीही बोललो. खेळायची वेळ आता साडेपाच केलीय, गोळीनंतर तासाभरानं. फरक पडतो.

द्राक्षबाग, तुमचं पण वाचून दाखवलं, वगळलं नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. मी शाळेत असताना एक ओळखीचा माणूस दुकानात येऊन बिन-चिठ्ठीचा वचनाग मागत होता, शेतातल्या कोल्ह्यांसाठी म्हणून. आण्णांनी दिला नाही. तो शिव्या देऊन गेला, पुढं वर्षभर बोलला नाही. "कोल्ह्यांसाठीच असेल कदाचित," आण्णा म्हणाले, "पण त्याच्या घरात तेव्हा वाटणीची भांडणं चालू होती, आणि मला ते माहीत होतं." एवढंच. तुमच्या मुलीनं विकून बघितलं ते त्यांना चुकीचं वाटलं नाही. म्हणाले, "तिला बघायचं होतं. मला बघायचं नाही." दुसऱ्या वाटेचा खेळ मी अजून सुरू केलेला नाही. ते झोपल्यावर करायचा तर चोरटेपणा वाटतो.

प्रीतिसंगम, वाटणीची कल्पना आवडली, पण आधी स्ट्रेंज हॉर्टिकल्चर घेतोय, चिठ्ठ्या लावायच्या आहेत म्हटल्यावर त्यांनी तोच निवडला.

आणखी एक. मंगळवारी मला मार्केट यार्डातनं यायला उशीर झाला, हळदीची आवक मोठी होती. घरी आलो तर लॅपटॉप उघडा आणि आण्णा एकटेच बसलेले. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून गिऱ्हाईक खिडकीशी तसंच उभं ठेवलं होतं, पण कृती चालू होत्या. शेजारी वही. त्यात पाच कृती नव्या, त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या. आता एकूण ३१ झाल्यात. कुणाला हव्या असतील तर सांगा, पानांचे फोटो टाकतो. शेवटच्या पाचांचं अक्षर बारीक आहे आणि ओळ खाली उतरत गेलीय, पण वाचता येतं.